झील धरायला शिकताना

श्रोतेहो, 'री ओढणे' हा वाक्प्रचार आपण ग्रामसभेपासून घरातल्या वादापर्यंत सगळीकडे वापरतो, आणि चांगल्या अर्थाने सहसा वापरत नाही. अमका तमक्याची री ओढतो, म्हणजे त्याला स्वतःचे डोके नाही, असा त्यातला भाव. वास्तविक हा शब्द गाण्यातला आहे. पुढचा गाणारा ओळ सोडतो, तिथे मागचे लोक ती उचलतात आणि तिचा शेवटचा सूर लांबवतात, ती री. गाण्याच्या व्यवहारात हे काम कमीपणाचे नव्हते. भाषेने त्याला खाली आणून बसवले, आणि भाषेतला हा गैरसमज आता गाण्यातच परत शिरू लागला आहे की काय, अशी मला शंका येते. आज मी बोलणार आहे ते या मागच्या लोकांविषयी. ते नेमके काय करतात, आणि ते करायला शिकायचे कसे?

पोवाड्यात आणि गोंधळात यांना झीलकरी म्हणतात. ते जे गातात ती झील. तमाशाच्या फडात सूर धरून उभा राहणारा तो सुरत्या. वारकरी कीर्तनात हेच काम टाळकऱ्यांकडे असते. बुवा चरण म्हणून निरूपणाकडे वळले की ध्रुपद हे लोक धरून ठेवतात. नावे निरनिराळी, पण काम एका जातीचे.

मंद्रूप आणि आसपासच्या गावांतल्या श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही, इतके ते त्यांच्या कानावरून गेलेले आहे. सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला हा पट्टा. सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागले, वडकबाळला सीना ओलांडली, की पुढच्या गावांत एका पारावर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा ऐकू येतात. एका देवळात अभंग चालला असेल तर दुसरीकडे शरणांची वचने. सोलापूर ही पेशवाईतले शाहीर रामजोशी यांची भूमी. १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. पश्चिमेला पंढरपूर, उत्तरेला तुळजापूर. म्हणजे टाळकरीही जवळ आणि गोंधळीही जवळ. आणि दक्षिणेकडून येतात ती गीगी पदे. उत्तर कर्नाटकातल्या या गायनप्रकारात मुख्य गायकाच्या हाती डफ असतो, मागचे दोघे तुणतुणे आणि झांज घेऊन उभे असतात, आणि प्रत्येक कडव्याअखेर 'गी गी' असा सूर ओढतात. त्या सुरावरूनच पदांना नाव पडले. आता बघा, एका गायनप्रकाराचे नाव पुढच्या माणसाच्या गाण्यावरून न पडता मागच्यांच्या झिलीवरून पडावे, हे थोडे नाही. कन्नडमध्ये या मागच्या मंडळींना 'हिम्मेळ' म्हणतात. 'हिंदे' म्हणजे मागे, मागचा मेळ.

मग हा मागचा मेळ करतो काय? तुम्ही म्हणाल, शाहीर जे म्हणतो तेच पुन्हा म्हणतो. तसे ते दिसते खरे. पण एखादा शाहीर झीलकऱ्यांशिवाय उभा करून बघा. पोवाडा म्हणजे नुसते गाणे नव्हे. त्यात मध्येच गद्य येते, संवाद येतात, घोड्यांच्या टापा येतात. शाहीर एक चौक वरच्या पट्टीत म्हणतो, थांबतो, सांगू लागतो, त्वेषाने ओरडतो, आणि मग पुन्हा गाण्यावर येतो. ओरडून आलेला गळा पुन्हा त्याच सुरावर नेमका उतरेल याचा भरवसा नसतो. तो सूर तेवढा वेळ कोणीतरी सांभाळून ठेवलेला असावा लागतो. शाहिराला दम घ्यायचा असतो. तो दम झिलीच्या आडोशाने घेतला जातो. पुढची ओळ आठवायची असते; तेवढा अवकाश झील देते. शिवाय कवन पुढे धावत असते तेव्हा ऐकणाऱ्याला ते पचायला वेळ लागतो. झील ओळीचा शेवट पुन्हा ऐकवते आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही तो शब्द कळतो. ध्वनिवर्धक नव्हते तेव्हा तर एकट्याच्या आवाजाने मैदान भरत नसे; तीन-चार गळ्यांनी भरत असे.

अमर शेख यांचा बुलंद आवाज ज्यांनी ऐकला ते लोक आता थोडे उरले. ते १९६९ साली गेले. पण त्यांनी अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर जे उभे केले त्याचे नाव लक्षात घ्या: लाल बावटा कलापथक. पथक! एकटा शाहीर मैदान मारतो असे आपण म्हणतो, ते फक्त बोलण्यापुरते.

आता शिकण्याकडे वळू. पुष्कळ फडांत आणि गोंधळ्यांच्या घरांत नवशिक्या पोराच्या हाती आधी तुणतुणे किंवा झांज देतात, गाणे मागाहून. यात मोठे शहाणपण आहे. तुणतुण्याला एकच तार. ती 'सा'वर लावायची आणि वाजवत राहायचे. पोराला वाटते, आपल्याला बिनकामाचे काम दिले. पण तासन्‌तास तो एकच सूर कानाशी वाजत राहिला म्हणजे तो कानात घर करतो. पुढे तुणतुणे खाली ठेवले तरी सूर आत वाजत असतो. झीलकऱ्याचे पहिले शिक्षण गळ्याचे नसते, कानाचे असते. शाळेतल्या गाण्याच्या तासाला आपण नेमके उलट करतो: आधी तोंड उघडायला लावतो, मग ऐकायला.

सूर जुळला की नाही हे कळते कसे? त्याची एक खूण आहे आणि ती शास्त्राला धरून आहे. आपल्या संगीताच्या पुस्तकांत मध्य सप्तकाच्या 'सा'ची आंदोलने सेकंदाला २४० धरतात. तुमचा 'सा' वेगळा असेल, पण हिशेब तोच. एका मुलाने २४०चा सूर लावला आणि शेजारच्याने २४३चा, तर दोन्ही मिळून जो आवाज येतो तो स्थिर राहत नाही. सेकंदाला बरोबर तीनदा तो फुगतो आणि तीनदा ओसरतो, कारण दोन्हींतला फरक तीनाचा आहे. फरक एकाचा झाला तर सेकंदाला एकदाच, आणि फरक मिटला की हे हेलकावे थांबतात, आवाज सपाट तळ्यासारखा होतो. हे ऐकायला यंत्र लागत नाही. दोन तुणतुणी घ्या, एकाची खुंटी हळूहळू पिळत दुसऱ्याशी जुळवा. जुळत आले की हेलकावे मंद होत जातात आणि एका क्षणी नाहीसे होतात. चौथी-पाचवीतल्या मुलांना हा प्रयोग दाखवला की ती खुळावल्यासारखी होतात. त्यानंतर 'सुरात म्हणा' या आज्ञेला अर्थ येतो, कारण सुरात नसणे म्हणजे काय ते त्यांनी कानाने ऐकलेले असते.

हे हेलकावे मोठ्या आवाजात गाताना ऐकू येत नाहीत. ओरडणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. म्हणून झील शिकवताना पहिली अट ही, की शेजारच्याचा आवाज ऐकू येईल इतक्याच आवाजात गायचे. एका कानावर हात ठेवून गाणारे गवई आपण पाहतो. हाताने स्वतःचा आवाज आपल्याला नीट ऐकू येतो, म्हणून ते तसे करतात. झीलकऱ्याने एक कान स्वतःसाठी ठेवला तरी चालेल, पण शाहिराच्या बाजूचा कान कधीही झाकू नये.

सूर झाला, आता उचल. शाहिराची ओळ संपल्यावर झील सुरू होते असे लांबून वाटते. तसे केले तर मध्ये एक भोक पडते आणि डफाचा ठेका तेवढा उघडा पडतो. चांगला झीलकरी ओळीच्या शेवटच्या शब्दावरच चढतो. शाहिराचा सूर अजून हवेत असतो तेव्हा याचा सूर खालून येऊन त्याला मिळालेला असतो. सांधा दिसत नाही. त्यासाठी श्वास कधी घ्यायचा? शाहिराचा शेवटचा शब्द सुरू होण्याच्या आधी. म्हणजे झीलकऱ्याला कवन पाठ हवे. 'आम्हाला काय, शेवटचे ओढायचे' असे म्हणणाऱ्याकडून झील कधी नीट होत नाही. भजनी मंडळातही बघा, ज्याला अख्खा अभंग पाठ आहे तोच ध्रुपदावर वेळेत येतो. बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहून अर्ध्या मात्रेने मागून येतात, आणि भजन ओढल्यासारखे होते. पखवाजवाला मग उगाचच सगळ्यांच्या शिव्या खातो.

श्वासाची आणखी एक युक्ती आहे. चौघांनी सूर धरला आणि चौघांनी एकदम श्वास घेतला, तर सूर तुटतो. म्हणून श्वास आळीपाळीने घ्यायचा. शेजारी घेतो आहे असे दिसले की आपण थांबायचे, तो परत आला की आपण घ्यायचा. घेताना सूर हळूच सोडायचा आणि येतानाही हळूच मिसळायचे, धक्का द्यायचा नाही. असे केले तर चार सामान्य माणसे मिळून असा सूर धरू शकतात की जो एकाही माणसाला धरता येणार नाही. ऐकणाऱ्याला वाटते, यांना दम लागतच नाही.

आणि तोंड. 'आ' म्हणताना एकाने तोंड मोठे उघडले, दुसऱ्याने दातातून काढला, तर सूर एकच असूनही आवाज दोन वाटतात. झिलीचा शेवट बहुधा 'जी'सारख्या ईकाराने होतो, कारण बारीक 'ई' दूरवर जाते आणि तारसप्तकात गळ्याला सोपी पडते. पण त्या 'ई'त नाक शिरले की कानाला टोचते. एकमेकांच्या ओठांकडे बघून गाण्याची सवय लावावी. दुसरा उपाय मला तरी ठाऊक नाही.

इथवर जे सांगितले त्यात मागचे लोक पुढच्याचाच सूर गातात, फार तर एक सप्तक वर किंवा एक सप्तक खाली. आता कोणी विचारील, की चर्चमध्ये किंवा सिनेमाच्या गाण्यात मागचे लोक निराळेच सूर गातात आणि तरी ते गोड लागते, ते काय असते? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या शेजारीच सापडते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. त्या शिक्षणातून एकोणिसाव्या शतकात मांडो हा कोंकणी गीतप्रकार बहरला. मांडो दोन आवाजांत गातात. एक आवाज मुख्य चाल गातो आणि दुसरा तिच्याबरोबर, पण दोन घरे सोडून चालतो: हा 'सा'वर असताना तो 'ग'वर, हा 'रे'वर गेला की तो 'म'वर. मागे घुमटाचा ठेका. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशी मंडळी पुढे मुंबईच्या सिनेसृष्टीत वाद्यमेळ रचायला आली, आणि निरनिराळे सूर एकाच वेळी गाणारा कोरस त्यांच्यासारख्यांच्या हातून घरोघरच्या रेडिओवर पोचला.

असे दोन सूर एकत्र गोड का लागतात, याचेही कारण आंदोलनांच्या हिशेबात आहे. 'सा' २४० तर 'प' ३६०, म्हणजे दोनास तीन. 'ग' ३००, म्हणजे चारास पाच. आकड्यांचे प्रमाण जितके साधे तितके ते सूर एकमेकांत मिसळतात. आपला तंबोरा याच प्रमाणावर उभा आहे: एक तार 'प'ची, दोन 'सा'च्या, एक खर्जाची. म्हणजे निराळे सूर एकत्र वाजवणे आपल्याला परके आहे असे नाही. फरक इतकाच, की आपण ते निराळे सूर जागच्या जागी धरून ठेवतो आणि चाल एकट्या गळ्याला मोकळी सोडतो. पश्चिमेकडचे लोक चालीबरोबर इतर सूरही चालवतात.

इथे पेटीविषयी एक शब्द. पेटीवरचा 'ग' हिशेबाच्या ३००वर नसून ३०२च्या किंचित वर असतो, कारण तिची बाराही घरे सारख्या अंतराने लावलेली असतात. दोघांनी 'सा-ग' धरला आणि पेटीही वाजत राहिली, तर तो 'ग' थोडा तापलेला लागतो. ज्या आकाशवाणीवरून मी बोलतो आहे तिने १९४० साली पेटीला दार बंद केले होते ते अशाच कारणांसाठी, आणि १९७१ साली ते दार पुन्हा उघडायला सुरुवात झाली. बंदी अतिरेकाची होती असे माझे मत आहे. पेटीने खेड्यापाड्यांतल्या भजनाला जे दिले ते विसरता येत नाही. पण सूर धरायचा अभ्यास करताना मात्र पेटी बंद ठेवावी आणि तुणतुणे चालू ठेवावे.

पुष्कळ हौशी शिक्षक गोव्याच्या धर्तीवर शाळेतल्या गाण्याला दुसरा आवाज लावायला जातात. उत्साह चांगला, पण एक धोका ध्यानात घ्यावा. समजा, गाणे भूप रागातले आहे; आपल्या कितीतरी प्रार्थना आणि सकाळची गाणी या वळणाची असतात. भूपात 'म' आणि 'नी' नाहीत. आता दोन घरे सोडून दुसरा आवाज लावायचा म्हटले, तर 'सा'ला 'ग' मिळेल, 'ग'ला 'प' मिळेल, 'ध'ला वरचा 'सा' मिळेल. पण 'रे'ला 'म' येईल आणि 'प'ला 'नी' येईल. हे दोन्ही भूपाच्या घरातले नव्हेत. ते घेतले की गाण्याचा चेहराच बदलतो, आणि म्हाताऱ्या आजीबाईसुद्धा म्हणतात, 'काहीतरी बिघडलं बाई.' अशा वेळी दुसऱ्या आवाजाने 'रे'च्या वेळी 'प' घ्यावा आणि 'प'च्या वेळी वरचा 'सा'. म्हणजे पट्टी पाच सुरांचीच राहते. यापेक्षाही सोपी आणि बिनधोक वाट अशी, की वर्गातल्या थोड्या मुलांनी 'सा' धरावा, थोड्यांनी 'प', आणि बाकीच्यांनी चाल म्हणावी. हा माणसांचा तंबोराच झाला. गाण्यात 'प' नसेल आणि 'म' ठळक असेल, मालकंसासारखे, तर 'प'च्या जागी 'म' धरावा.

शाळांसाठी आता एक आयते निमित्तही आहे. राजा बढे यांचे 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे गीत फेब्रुवारी २०२३मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले आणि शाळांच्या परिपाठात आले. श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज, आणि त्यांच्यामागे कोरस. ती ध्वनिमुद्रिका मुलांना एकदा नुसती शाहिरासाठी ऐकवावी आणि दुसऱ्यांदा नुसती मागच्यांसाठी. मागचे कुठे येतात, कुठे थांबतात, कुठे आवाज चढवतात, एवढेच टिपायला सांगावे. मग वर्गाचे दोन भाग करावेत. आज मी शाळांतून जे ऐकतो ते असे, की सगळी मुले पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच जोरात गातात, आणि सुरुवात कोणीतरी वाटेल त्या पट्टीत करतो. उंच धरले की वरच्या सुरांशी निम्मी मुले गप्प होतात आणि उरलेली किंचाळतात. लहान मुलांसाठी पेटीची काळी एक किंवा पांढरी दोन हा 'सा' धरून चालावे. त्यात वरचा 'सा' त्यांच्या गळ्याच्या आवाक्यात राहतो. सुरुवातीचा सूर रोज तुणतुण्यावरून द्यावा, मास्तरांच्या मनावरून नव्हे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण हे भाषण मी त्यासाठीच द्यायचे ठरवले. सातवी-आठवीतल्या मुलांचा आवाज फुटतो. तेरा-चौदाव्या वर्षी स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि वर्ष-दीड वर्षात मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनीच. या काळात मुलगा काल गात होता ते आज गाऊ शकत नाही. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीला मी बसलो होतो. समूहगीत चालले होते. मागच्या रांगेतल्या एका उंच मुलाचा आवाज फाटला, मुले हसली, आणि शिक्षकांनी शांतपणे सांगितले, 'तू नुसते ओठ हलव.' त्यांचा हेतू वाईट नव्हता; कार्यक्रम तोंडावर आला होता. मुलाने मान डोलावली आणि उरलेली तालीम ओठ हलवत उभा राहिला.

श्रोतेहो, ओठ हलवायला सांगितलेली माणसे आपल्या गावागावांत किती आहेत याचा विचार करा. चाळिशीच्या माणसाला भजनात बोलावले तर तो म्हणतो, 'मला नाही येत, माझा आवाज भसाडा.' कोणी सांगितले? शाळेत सांगितले. एकदा सांगितले आणि ते आयुष्यभर पुरले. काही मंडळांत त्यामुळे टाळ आहेत, पखवाज आहे, मागच्या वर्षी वर्गणी काढून आणलेला ध्वनिवर्धक आहे, पण एक बुवा गातात आणि दहाजण नुसते टाळ वाजवतात. कुठे कुठे तर मोबाइलमधून तयार कोरस लावतात आणि गाणारा त्यावर गातो. त्या कोरसला दम लागत नाही हे खरे, पण गाणारा चुकला तर तो थांबतही नाही, सांभाळूनही घेत नाही. शाहीर एखादे कडवे विसरला तर झीलकरी शेवटची ओळ आणखी दोनदा ओढतात, तोवर त्याला ते आठवते, आणि लोकांना पत्ताही लागत नाही. हे सांभाळणे यंत्राला कसे शिकवणार?

त्या उंच मुलाचे काय करता आले असते? त्याला खर्ज द्यायचा. आवाज फुटलेल्या मुलाला चार-पाच सुरांचाच पल्ला नीट सापडतो, पण खालचा एक सूर धरायला एकच सूर लागतो. इतर मुलांच्या 'सा'च्या एक सप्तक खाली त्याने 'सा' धरावा. जमला नाही तर खालचा 'प'. एका वर्गात असे दोन-तीन मुलगे असतात. त्यांना एकत्र उभे करावे, म्हणजे एकट्याला लाजही वाटत नाही. वरच्या वीस कोवळ्या आवाजांखाली असा खर्ज लागला की गाण्याला जोते मिळते. त्यांनी आवाज ताणू नये, फाटला तर थांबावे, पाणी प्यावे, पुन्हा धरावे. वर्षभराने आवाज बसला की ज्याला पुढे येऊन गायचे तो येईल. ज्याला यायचे नाही तो उत्तम टाळकरी होईल, आणि गावाला बुवांइतकीच त्याचीही गरज आहे. भसाड्या म्हटल्या जाणाऱ्या मोठ्या माणसांनाही हीच वाट आहे. ज्याला बोलण्यातला चढउतार कळतो, हाक ऐकून माणूस ओळखता येतो, त्याचा कान शाबूत आहे. अशा माणसाला महिनाभर रोज दहा मिनिटे तुणतुण्याजवळ बसवले तर त्याला एक सूर धरता येतो, हे मी पाहिले आहे.

स्त्रियांच्या भजनी मंडळांविषयी थोडे. पेटीवाला पुरुष असला की तो आपल्या सोयीची काळी एक धरतो. बायकांच्या गळ्याला साधारणपणे काळी चार-काळी पाचच्या आसपासचा 'सा' मानवतो. काळी एकमध्ये गाताना त्यांची चाल एक तर फार खाली राहते, नाहीतर फार वर जाते, आणि मग 'बायकांना सूर लागत नाही' असा शेरा बसतो. पट्टी बदला, शेरा आपोआप जाईल. दोन्ही एकत्र गाणार असतील तर आधी पाच मिनिटे निरनिराळ्या पट्ट्या लावून बघाव्यात आणि सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या ओळीला कोणाचा गळा अडतो ते पाहून ठरवावे.

उभे कसे राहायचे, हे नवखे लोक शेवटी विचारतात, खरे तर आधी विचारायला हवे. झीलकऱ्यांनी शाहिराच्या मागे पण किंचित बाजूला, एकमेकांच्या खांद्याला खांदा लागेल इतके जवळ उभे राहावे. व्यासपीठ मोठे आहे म्हणून पांगू नये. पांगले की ऐकू येणे बंद. ध्वनिवर्धक एकच असेल तर शाहीर त्याच्यापासून वीतभर अंतरावर आणि झीलकरी दोन-तीन पावले मागे. प्रत्येकाच्या तोंडाशी वेगळा ध्वनिवर्धक दिला तर चार आवाज चार दिशांनी येतात आणि मेळ मोडतो. आवाज कमी पडला तर ध्वनिवर्धक वाढवण्याऐवजी झीलकऱ्यांना एक पाऊल पुढे घ्यावे. हे काम पावलांनी होते.

आणि तुणतुणे मिळाले नाही तर? परवाच एका शिक्षकांनी विचारले. मोबाइलमध्ये तंबोऱ्याचे अॅप मिळते, ते चालेल. मुलांच्या पट्टीवर लावून फोन खिडकीत न ठेवता वर्गाच्या मधोमध एखाद्या बाकावर ठेवावा, आणि त्याचा आवाज इतका बारीक असावा की तो ऐकण्यासाठी मुलांना आपला आवाज थोडा खाली आणावा लागेल.